जानहोय : हैले सेलासीचं नेमकं काय करायचं?

सांजवारा

३० जून १९३६, जिनिव्हा. राष्ट्रसंघाच्या सभागृहात काळा झगा पांघरलेला एक ठेंगणा, दाढीवाला माणूस बोलायला उभा राहिला आणि वरच्या गॅलरीतून शिट्ट्यांचा गदारोळ सुरू झाला. शिट्ट्या फुंकणारे इटलीचे पत्रकार होते. रुमानियाचे तितुलेस्कू संतापून ओरडले, "त्या रानट्यांना बाहेर हाकला!" पोलिसांनी शिट्टीबहाद्दरांना उचलून नेईपर्यंत व्यासपीठावरचा माणूस जागचा हलला नाही. त्याला उत्तम फ्रेंच येत होतं, पण बोलला तो अम्हारिकमधून. नऊ, पंधरा, अठरा अशा जथ्यांनी विमानं कशी एकामागून एक आली, मस्टर्ड गॅसचं धुकं कसं सलग पसरलं, माणसांबरोबर गुरं, नद्या आणि कुरणं कशी नासली, ते त्यानं सांगितलं. माझ्या लोकांसाठी इथून काय उत्तर घेऊन जाऊ, असं शेवटी विचारलं. महिन्याच्या आत राष्ट्रसंघानं इटलीवरचे निर्बंध उठवले. हेच उत्तर.

तो होता इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी; 'जानहोय', म्हणजे 'महाराज', हे प्रजेचं त्याला संबोधन. त्याचं नाव काढलं की आपल्याकडे वाचणाऱ्या लोकांना एवढं आठवतं. गाणी ऐकणाऱ्यांना बॉब मार्ली आठवतो. पण जिनिव्हानंतर हा माणूस आणखी ३९ वर्षं जगला आणि त्यातली ३३ वर्षं त्यानं राज्य केलं. तो भाग फारसा कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

थोडक्यात पूर्वपीठिका. मूळ नाव तफारी मकोनन. जन्म २३ जुलै १८९२, हरारजवळच्या एजेर्सा गोरो गावात. वडील रास मकोनन ('रास' ही सरदारांची पदवी) हे सम्राट मेनेलिक दुसरा याचे आतेभाऊ, हरारचे सुभेदार आणि १८९६ साली अडव्याला इटलीचा धुव्वा उडवणाऱ्या सेनापतींपैकी एक. आई लहानपणीच गेली, तेराव्या वर्षी वडील गेले. फ्रेंच कापुचिन मिशनऱ्यांकडे शिक्षण झालं. मेनेलिकनंतर आलेल्या लिज इयासूला १९१६ मध्ये सरदार आणि चर्चनं मिळून पदच्युत केलं, मेनेलिकची मुलगी झौदितू गादीवर आली आणि तफारी झाला वारस व राज्यप्रतिनिधी. वय २४. भोवतीचे सगळे जुने सरदार त्याला किरकोळ पोरगा समजत होते. त्यानं शक्यतो कुणाशी थेट टक्कर घेतली नाही. एकेकाला थांबून थांबून, बदल्या करून, कर्जात अडकवून, मुलीबाळींच्या सोयरिकी जुळवून बाजूला केलं. २ नोव्हेंबर १९३० ला राज्याभिषेक झाला तेव्हा आव्हान द्यायला कुणी उरलंच नव्हतं.

या काळातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. १९२३ मध्ये त्यानं देशाला राष्ट्रसंघात नेलं. गुलामगिरी अजून चालू आहे म्हणून युरोपातून विरोध होता (तो खरा होता, आणि विरोध करणाऱ्यांच्या स्वतःच्या वसाहती होत्या, हेही खरं). पुढे १९३६ मध्ये जिनिव्हाच्या व्यासपीठावर उभं राहायचा हक्क त्याला मिळाला तो या सभासदत्वामुळे. दुसरी गोष्ट १९३१ची राज्यघटना. जपानच्या मेइजी घटनेवर बेतलेली. दोन सभागृहांची संसद होती, पण खालच्या सभागृहातले लोक सरदार निवडणार, वरच्यातले सम्राट नेमणार, आणि सम्राटाची व्यक्ती पवित्र. प्रजेला राज्यघटना मिळाली, अधिकार मात्र होते तिथेच राहिले.

३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीचं आक्रमण, ३१ मार्च १९३६ ला माइचौची निर्णायक हार, २ मेला आगगाडीनं जिबूतीकडे प्रयाण. जेरुसलेम, मग इंग्लंड. बाथ शहरातल्या फेअरफील्ड हाउसमध्ये चार वर्षं काढली, पैशाच्या तंगीत चांदीची भांडी विकली. युद्धाचं पारडं फिरल्यावर ब्रिटिशांनी त्याला सुदानमार्गे परत आणलं. ५ मे १९४१ ला तो राजधानी अदिस अबाबात शिरला, इटालियन फौजा शहरात शिरल्या त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

आता मुद्द्याचं. मला या सगळ्यात एक माणूस फार खुणावतो, तो हैले सेलासी नव्हे. गर्मामे न्वाय.

परत आल्यावर सम्राटाला कळून चुकलं होतं की शिकलेली माणसं नसतील तर देश टिकणार नाही. इटालियनांनी शिकल्यासवरलेल्या तरुणांना वेचून मारलं होतं. त्यानं शाळा काढल्या, शिक्षणखातं कैक वर्षं स्वतःकडे ठेवलं, १९५० साली अदिसमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू केलं, हुशार पोरांना परदेशी पाठवलं. गर्मामे त्यांपैकीच. अमेरिकेत शिकला, कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन परतला. त्याला वोलायता भागाचा कारभार दिला. दक्षिणेत तेव्हा कुळांची अवस्था भीषण होती. अर्धं पीक मालकाला, वर वेठ, वर नजराणे. गर्मामेनं पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला सुरुवात केली. जमीनदारांनी अदिसला तक्रार केली. सम्राटानं बोलावून विचारलं तेव्हा यानं सांगितलं, लोकांकडे खायला नव्हतं आणि जमीन पडून होती. त्याची बदली झाली पार जिजिगाला, सोमाली वाळवंटाच्या तोंडाशी. तिथेही त्यानं विहिरी, दवाखाने असले उद्योग केले आणि तिथेही पाय ओढले गेले.

डिसेंबर १९६० मध्ये सम्राट ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना गर्मामे आणि त्याचा भाऊ, शाही रक्षकदलाचा प्रमुख मंगिस्तू न्वाय, यांनी उठाव केला. युवराजाच्या तोंडून रेडिओवर जाहीरनामा वदवला. विद्यापीठाची पोरं पाठिंब्याचे मोर्चे घेऊन निघाली. लष्कर आणि चर्च मात्र सम्राटाच्या बाजूनं राहिले. चार दिवसांत सगळं आटोपलं. हरायची वेळ आली तेव्हा बंडखोरांनी राजवाड्यात ओलीस धरलेल्या सरदार-मंत्र्यांवर गोळ्या झाडल्या, त्यात इटलीविरुद्ध लढलेले रास अबेबे अरेगाईही गेले. गर्मामे मारला गेला, मंगिस्तूला पुढच्या वर्षी फाशी.

सम्राट परतला आणि त्यानं काय केलं? आपला राजवाडा विद्यापीठाला दिला. हे मी उपहासानं म्हणत नाही, खरोखर दिला. गनत लेउल राजवाड्यात हैले सेलासी विद्यापीठ उभं राहिलं. पण जमिनीचा प्रश्न होता तिथेच राहिला. मंत्री पूर्वीसारखेच सकाळी एकेकटे येऊन कानाशी लागत, प्रत्येकाला वाटे आपलाच शब्द शेवटचा. पंचाहत्तरी उलटली तरी वारसाला काम दिलं नाही. १९६५ मध्ये त्याच विद्यापीठातली मुलं संसदेवर मोर्चा घेऊन गेली, घोषणा होती 'मेरेत ला अराशू', म्हणजे आपलं 'कसेल त्याची जमीन'.

माझं मत असं की लष्करानं १९७४ मध्ये गादीवरून उतरवलं तेव्हा हैले सेलासी पडला नाही. गर्मामेची बदली केली त्या दिवशी तो पडायला लागला. शिकलेली माणसं त्यानं स्वतः तयार केली आणि त्यांना करायला काम दिलं नाही.

सहमत-असहमत सगळ्यांचं स्वागत. अदिसला राहून आलेलं कुणी असेल तर अवश्य लिहा.

टिळकरोडकर

वाचनखूण साठवली आहे. सविस्तर नंतर. पण पळून जाण्याबद्दल तुम्ही एका ओळीत निपटलंत! इथिओपियात तो फार नाजूक विषय आहे. त्यांच्याकडे सम्राटानं रणात मरायची रीत. तेवोद्रोसनं १८६८ मध्ये मग्दल्याला इंग्रजांच्या हाती लागण्याऐवजी स्वतःला संपवलं, योहानेस चौथा १८८९ मध्ये मेतेम्माला लढताना गेला. आणि हे महाराज रेल्वेनं निघून गेले. मागे राहिलेले 'अर्बेन्योच', म्हणजे रानावनातले देशभक्त लढवय्ये, पाच वर्षं लढत राहिले. परत आल्यावर सम्राटानं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बाजूला ठेवलं आणि इटालियनांकडे नोकरी केलेल्यांना पदं दिली, कारण कारभार त्यांनाच येत होता. ती जखम भरली नाही.

सांजवारा

@टिळकरोडकर, रास्त आहे. पण तो अदिसला मेला असता तर जिनिव्हाचं भाषण झालं नसतं आणि ब्रिटनकडे १९४१ मध्ये परत बसवायला कुणी नसता. इटलीच्या वसाहतीचं ब्रिटिश वसाहतीत रूपांतर व्हायला कितीसा वेळ लागला असता? तसेही १९४१ नंतर ब्रिटिश लष्करी प्रशासन हात सोडायला तयारच नव्हतं. १९४२ आणि १९४४चे करार करून त्यानं ते इंचाइंचानं मागे हटवलं. हे काम मेलेल्या वीराच्या हातून झालं नसतं.

खडकीचा_खडूस

या युद्धाचा आपल्याशी असलेला संबंध कुणी काढेल म्हणून थांबलो होतो. काढतो मीच.

उत्तरेकडून इटालियनांना मोडलं ते केरनच्या लढाईत, फेब्रुवारी-मार्च १९४१, आताच्या इरिट्रियात. चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन तिथं होती. पाचव्या डिव्हिजनमध्ये ३/५ मराठा लाइट इन्फंट्री. १५ मार्चला 'पिनॅकल' नावाची टेकडी मराठ्यांनी घेतली. खाली रखरखीत दरी, वर दबा धरून बसलेले इटालियन, आणि चढ असा की दारूगोळा पाठीवर वाहून न्यायचा. केरनला आजही युद्धस्मशान आहे आणि हिंदू-शीख जवानांसाठी वेगळं दहनस्मारक.

आणि आमच्या खडकीचा अभिमान : बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. टिळकरोडकरांनी ज्या मेतेम्माचं नाव घेतलं त्याच भागात, सुदानच्या सीमेवरून गोंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जानेवारीच्या अखेरीपासून सलग चार दिवस ५५ मैल सुरुंग काढत पुढे गेले. १५ सुरुंगक्षेत्रं. दोनदा खालची गाडी उडाली, एका स्फोटानं कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस घेतला नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी.

सम्राटाच्या सिंहासनाला आमच्या पोरांचं रक्त लागलंय एवढंच सांगायचं होतं.

मालवणी_मसाला

खडूसभाऊ, एकदम कडक. _/\_

एक भाबडा प्रश्न. आपल्या पोरांना कुणी विचारलं होतं का, की दादा, तुला हबशी बादशहासाठी लढायचंय का?

खडकीचा_खडूस

सैन्यात असं विचारत नसतात. पण प्रश्न चुकीचा नाही. आणि गंमत बघा, देशात भावना त्याच बाजूनं होती. मार्च १९३६ मध्ये नेहरू युरोपातून परत येताना रोमला थांबले तेव्हा मुसोलिनीचा भेटीसाठी आग्रह होता, त्यांनी साफ नकार दिला. काँग्रेसनं त्या मे महिन्यात 'अबिसिनिया दिन' पाळला (अबिसिनिया हे इथिओपियाचं जुनं नाव). गुलाम देशानं दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी सभा भरवल्या.

रेगे_ऐकणारा_रेगे

अखेर माझा विषय! (आयडीवर कोट्या करून झाल्या असतील तर पुढे लिहितो.)

जमैकातले गरीब, शेतमजूर काळे लोक. १९३० मध्ये बातमी येते की आफ्रिकेत एका काळ्या राजाचा राज्याभिषेक झाला, त्याला 'राजांचा राजा, यहूदाच्या वंशाचा विजयी सिंह' म्हणतात आणि युरोपातले राजपुत्र त्याच्यापुढे हजर आहेत. बायबल पाठ असलेल्या लोकांनी धागे जुळवले. लेनर्ड हॉवेलसारखे प्रचारक सम्राटाचे फोटो वाटत फिरू लागले, आणि सम्राट होण्याआधीच्या 'रास तफारी' या नावावरून पंथाचं नाव पडलं रास्ताफारी. ब्रिटिश सरकारनं हॉवेलला राजद्रोहासाठी तुरुंगात टाकलं.

२१ एप्रिल १९६६ ला सम्राट स्वतः किंग्स्टनला उतरला. विमानतळावर लाखभर माणसं, सगळी सुरक्षा मोडून विमानाभोवती. तो दारात आला, गर्दी पाहिली आणि परत आत गेला. शेवटी मॉर्टिमर प्लानो नावाच्या रास्ता वडीलधाऱ्यानं जिन्यावर चढून लोकांना वाट करून द्यायला सांगितलं तेव्हा खाली उतरला. रास्ता लोक तो दिवस आजही सणासारखा पाळतात. बॉब मार्लीची बायको रिटा त्या गर्दीत होती, तिची श्रद्धा तिथूनच.

पण पुढचा भाग मला जास्त आवडतो. सम्राट स्वतः कट्टर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. मी मर्त्य माणूस आहे, असं त्यानं मुलाखतीत स्पष्ट सांगितलं. रास्तांवर परिणाम शून्य. मग त्यानं जमैकात ऑर्थोडॉक्स चर्च सुरू करायला धर्मगुरू पाठवले, म्हणजे निदान पूजा तरी योग्य देवाची व्हावी! बॉब मार्लीनं अखेरच्या आजारपणात त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि ४ ऑक्टोबर १९६३ ला संयुक्त राष्ट्रांत केलेलं सम्राटाचं वंशभेदावरचं भाषण मार्लीनं १९७६ मध्ये जवळजवळ जसंच्या तसं चालीत बसवलं. राजकारण्याचं भाषण लोक अजून नाचत ऐकतात, असं दुसरं उदाहरण दाखवा.

काळा_कडा

भावनेत वाहून चाललाय धागा. थोडं कडू घ्या.

१. विमानातून झालेल्या हल्ल्यांबद्दल जिनिव्हात रडलेल्या याच माणसानं १९४३ मध्ये उत्तरेकडच्या तिग्राई प्रांतातलं वोयाने नावाचं बंड मोडायला एडनहून ब्रिटिश विमानं मागवली. तिथल्या मेकेल्ले शहरावर बॉम्ब पडले. स्वतःची प्रजा.

२. इरिट्रिया. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानं १९५२ मध्ये संघराज्य म्हणून जोडली, स्वतःची विधानसभा, स्वतःचा झेंडा. दहा वर्षांत एकेक करून सगळं काढून घेतलं आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये साधा प्रांत करून टाकला. सशस्त्र लढा त्याच्या आदल्या वर्षीच पेटला होता, तो १९९१ पर्यंत चालला. तीस वर्षं! आंतरराष्ट्रीय वचन मोडलं म्हणून जगापुढे दाद मागणाऱ्यानं आंतरराष्ट्रीय वचन मोडलं.

३. ओरोमोंना, म्हणजे इथिओपियातल्या सर्वांत मोठ्या वांशिक गटाला, विचारा. २०२० मध्ये गायक हचालू हुंडेसाच्या खुनानंतर जो आगडोंब उसळला त्यात हरारमधला रास मकोननचा पुतळा पाडला आणि लंडनच्या विम्बल्डनमधल्या बागेतला सम्राटाचा अर्धपुतळा फोडला. जमैकातल्या लोकांना तो देव, ओरोमोंना जमीन बळकावणाऱ्यांचा राजा.

गर्मामे वगैरे ठीक आहे. पण ही 'शिकलेल्यांना संधी दिली नाही' थिअरी म्हणजे अदिसच्या मध्यमवर्गाचा चष्मा.

सांजवारा

@काळा_कडा, पहिला आणि दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. तिसऱ्यावर एवढंच : दक्षिणेतल्या जमिनी सरदार-सैनिकांना वाटल्या मेनेलिकनं. हैले सेलासीला ती व्यवस्था वारशानं मिळाली. ती मोडायची संधी त्याच्याकडे होती आणि तसं करू पाहणारा अधिकारीही होता, म्हणून तर गर्मामेबद्दल लिहिलं. वोलायता काही अदिसच्या मध्यमवर्गात येत नाही.

निवृत्त_मास्तर

सगळे प्रतिसाद वाचले. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या वोलो प्रांतातल्या दुष्काळाबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही. आमच्या पिढीसाठी मुद्दा तोच आहे, कारण तो आमच्याच दुष्काळाच्या वेळचा.

१९७२-७३. इकडे मराठवाडा, नगर, सोलापूर करपले होते. तिकडे वोलो आणि तिग्राई. आपल्याकडे काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको : खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, पोरांना सुकडी, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण ती होती. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी योजना याच सुमारास राज्यभर पसरली. हाल अतोनात झाले, गुरं गेली, माणसं मुंबई-पुण्याला पांगली, पण भूकबळींचे ढीग पडले नाहीत.

वोलोत पडले. अंदाज ४० हजारांपासून २ लाखांपर्यंत जातात. आणि अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की त्या वर्षी इथिओपियाचं एकूण धान्य काही फार घटलेलं नव्हतं. वोलोतल्या देसी शहराच्या बाजारात भावसुद्धा फारसे चढले नव्हते. वोलोच्या शेतकऱ्याचं पीकही गेलं आणि उत्पन्नही, त्याच्याकडे विकत घ्यायला दमडी नव्हती. उलट धान्य वोलोबाहेर जात होतं. उत्तरेकडे जाणारा हमरस्ता त्याच भागातून जातो; भुकेली माणसं रस्त्यावर येऊन गाड्या अडवत होती.

आपल्याकडे आमदार होते, विरोधी पक्ष होता, मोर्चे होते, वर्तमानपत्रं होती. रोज कुणीतरी वसंतराव नाईकांच्या सरकारला जाब विचारत होतं. तिकडे वोलोचे नामधारी सुभेदार कोण? खुद्द युवराज. कुणी कुणाला जाब विचारायचा? विद्यापीठातल्या काही शिक्षकांनी वोलोत जाऊन फोटो काढून आणले आणि दाखवले, तरी सरकार 'दुष्काळ नाही'च म्हणत होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये जोनाथन डिंबलबी यांचा माहितीपट ब्रिटिश टीव्हीवर लागला तेव्हा जगाला कळलं.

सम्राट दुष्ट होता असं मला वाटत नाही. त्याच्यापर्यंत वाईट बातमी नेण्यात कुणाचाच फायदा नव्हता, अशी व्यवस्था त्यानं चाळीस वर्षं खपून उभारली होती.

अदिती_ठाणे

मास्तर, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेखच. काका, लिहाच.

मी त्यापुढचं जोडते. १९७४ची सुरुवात दक्षिणेतल्या नगेले छावणीत झाली. सैनिकांचा पाण्याचा पंप बिघडला, अधिकारी आपल्या विहिरीचं पाणी देईनात, तेव्हा सैनिकांनी अधिकाऱ्यांनाच कोंडलं. फेब्रुवारीत पेट्रोल महागलं म्हणून अदिसचे टॅक्सीवाले संपावर गेले, मग शिक्षक, मग सगळेच. लष्करातल्या कनिष्ठ अधिकारी-शिपायांची समिती बनली, 'देर्ग'. त्यांनी एकदम गादीला हात घातलाच नाही. महिनोन् महिने सम्राटाच्या नावानंच एकेक मंत्री, एकेक सरदार उचलत गेले. म्हणजे २४ वर्षांच्या तफारीनं जुन्या सरदारांना ज्या पद्धतीनं संपवलं, तीच पद्धत.

११ सप्टेंबरला त्यांचं नवं वर्ष. त्या रात्री टीव्हीवर डिंबलबींचा माहितीपट लावला, मध्ये मध्ये राजवाड्यातल्या मेजवान्यांची दृश्यं घुसवून. दुसऱ्या दिवशी सकाळी पदच्युतीचा कागद वाचून दाखवला आणि ८२ वर्षांच्या सम्राटाला फोक्सवॅगनच्या मागच्या सीटवर बसवून नेलं. २३ नोव्हेंबरच्या रात्री माजी पंतप्रधानांसह ६० जणांना गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९७५ मध्ये जाहीर केलं की सम्राट शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीनं गेले. पुढे देर्गवाल्यांवर खटले चालले तेव्हा त्याचा गळा दाबल्याचा आरोप आला. १९९२ मध्ये राजवाड्याच्या आवारात काँक्रीटच्या लादीखाली अस्थी सापडल्या.

भटकंती_चालू

कामानिमित्त अदिसला राहिलोय, धागाकर्त्यानं हाक मारली म्हणून लिहितो.

विद्यापीठाच्या जुन्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे. सम्राटाची झोपायची खोली आणि न्हाणीघर तसंच ठेवलंय. बाहेर एक अजब गोष्ट : इटालियनांनी बांधलेला गोल जिना, कुठेच न जाणारा. मुसोलिनीच्या सत्तेच्या प्रत्येक वर्षाला एक पायरी. परत आल्यावर इथिओपियनांनी तो पाडला नाही, वरच्या टोकावर आपला यहूदाचा सिंह बसवून टाकला. हा हजरजबाबीपणा मला फार आवडला. शहरात मेक्सिको चौक आहे. इटलीचा कब्जा मान्य न करणाऱ्या मोजक्या देशांत मेक्सिको होता, म्हणून.

म्हाताऱ्या लोकांशी बोललात तर 'जानहोय' म्हणताना आवाज बदलतो. भारतीय म्हटल्यावर पहिला प्रश्न, "तुम्ही शिक्षक का?" कारण त्या पिढीतल्या कित्येकांना गणित-विज्ञान शिकवलं ते भारतीय मास्तरांनी, जास्त करून केरळच्या. हरारची लष्करी अकादमीही सम्राटानं भारतीय अधिकाऱ्यांच्या हाती दिली होती. तरुणांचं मत विचाराल तर समोरचा अम्हारा, ओरोमो की तिग्राई त्यावर उत्तर ठरतं, आणि नवख्यानं तो विषय काढूच नये.

अबेबे बिकिलाचं नाव कसं नाही आलं? १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकणारा. तो शाही रक्षकदलातला शिपाई. मुसोलिनीनं अक्सुमहून उचलून नेलेला स्तंभ रोममध्ये उभा होता, त्याच्याजवळून धावत गेला. तीन महिन्यांनी त्याच्याच दलानं बंड केलं, पण त्याला माफी मिळाली. १९६४ मध्ये टोकियोत त्यानं पुन्हा सुवर्ण आणलं, या खेपेला बूट घालून.

मालवणी_मसाला

सम्राटाच्या त्या कुत्र्याबद्दल कुणी बोलणार आहे का? दरबाऱ्यांच्या बुटांवर मुतणारा आणि मागून फडकं घेऊन फिरणारा नोकर? कुठेतरी वाचलेलं.

टिळकरोडकर

ते एका पोलिश पत्रकारानं लिहिलंय. चिमुकलं कुत्रं होतं, लुलू नावाचं, हे खरं. फडकंवाला नोकर मात्र इथिओपियाच्या अभ्यासकांना अजून सापडलेला नाही. भाषा झकास आहे, पुरावा म्हणून देऊ नका.

काळा_कडा

मास्तरांच्या प्रतिसादानंतर थोडं मवाळ होतो. एक श्रेय त्याला द्यावंच लागेल : मे १९६३. नव्यानं स्वतंत्र झालेले आफ्रिकी देश तेव्हा दोन गटांत भांडत होते. घानाच्या एन्क्रुमांना ताबडतोब एकसंध आफ्रिका हवी होती, बाकीच्यांना सावकाश. ३२ देशांना अदिसला एका टेबलावर बसवून २५ मेला आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या सनदेवर सह्या करून घेतल्या. कधीच वसाहत नसलेल्या देशाचा सत्तरीचा सम्राट आणि त्याच्याहून कितीतरी लहान क्रांतिकारक. ते दुसऱ्या कुणाचं ऐकले नसते. मुख्यालय अदिसला राहिलं ते आजतागायत. २०१९ मध्ये आफ्रिकी संघाच्या आवारात त्याचा पुतळा बसवला.

(त्याच संघटनेनं लगेच ठरवलं की वसाहतींच्या सीमा बदलायच्या नाहीत. पण इरिट्रियाची सीमाही वसाहतीचीच होती, ते सोयीस्कर विसरले. मवाळ झालो म्हणजे विसरलो नाही.)

रेगे_ऐकणारा_रेगे

अंत्यसंस्काराचं राहिलं. अस्थी सापडल्यावर आठ वर्षं नुसत्या पडून. ५ नोव्हेंबर २००० ला अदिसच्या होली ट्रिनिटी कॅथीड्रलमध्ये पुरलं. सरकारनं राजकीय इतमाम नाकारला. जमैकाहून रिटा मार्ली आली. पण बरेचसे रास्ता आलेच नाहीत, कारण त्यांच्या मते तो मेलेलाच नाही, मग दफन कुणाचं?

निवृत्त_मास्तर

सांजवारा, तुमच्या गर्मामेबद्दल विचार करतोय. आमच्या तालुक्यात कूळकायदा आला तेव्हा तलाठ्यापासून मामलेदारापर्यंत सगळे जमीनदाराच्या ओसरीवर चहा पिणारे. तरी बऱ्याच कुळांच्या नावावर जमिनी झाल्या, कारण वर कायदा होता आणि खाली कोर्टात जायची सोय होती. तुमच्या गर्मामेकडे यातलं काय होतं? एकटा चांगला अधिकारी बदलीच्या हुकमापुढे किती टिकणार?

सांजवारा

मास्तर, काहीच नव्हतं. कुळांच्या संबंधांचं विधेयक पुढे संसदेत आलं, पण संसदेत बसले होते जमीनदारच, ते तिथेच अडकलं. जमिनी शेवटी वाटल्या देर्गनं, मार्च १९७५ मध्ये, एका फटक्यात, सगळ्या ग्रामीण जमिनीचं राष्ट्रीयीकरण करून. विद्यापीठातली पोरं गावोगाव ती अंमलबजावणी करायला गेली. दोन-तीन वर्षांत त्यांतल्या हजारोंना देर्गनंच 'लाल दहशती'त मारलं.

मालवणी_मसाला

कोणीतरी आता मलिक अंबरवर धागा काढा. तिकडून गुलाम म्हणून आलेल्या माणसानं इकडे जमीनमोजणी लावून महसूल बसवला, आणि त्यांच्या बादशहाला साडेतीनशे वर्षांनी ते जमेना.

टिळकरोडकर

घेतलं अंगावर. दिवाळीनंतर.